‘एगलेस’ खरं, पण केकमध्ये आहे काय?

केकच्या दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. अर्धा किलो केवढ्याला, आणि एगलेस आहे ना? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं की चौकशी संपली. केक कशाचा केलाय, त्यावरचं पांढरंशुभ्र क्रीम दुधाचं आहे की आणखी कशाचं, तो चार दिवस फ्रीजमध्ये जसाच्या तसा कसा राहतो, हे कुणी विचारत नाही. ‘एगलेस’ म्हटलं की वार पाळले गेले, सासूबाईंची हरकत मिटली आणि शिवाय तब्येतीचंही भलं झालं, असा आपण सोयीस्कर समज करून घेतला आहे. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसरीशी भांडण आहे.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरी केक केले. सोडा दोन्हीकडे लागायचा. आता निवृत्त झाल्यावर फक्त दुसरं काम उरलंय. मला अंड्याचं वावडं नाही, आमच्या घरी ऑम्लेट होतं. पण केक मी बिनअंड्याचाच करत आले, आणि त्याचं कारण धार्मिक नाही, शेजाराचं आहे. आमच्या भागात एका जिन्यावर जैन, समोर लिंगायत, खाली सोमवार-गुरुवार कडक पाळणारे मराठे, असा शेजार. वाढदिवस एका मुलाचा असला तरी केक सगळ्या बिल्डिंगचा असतो. त्यात अंडं घातलं तर निम्मी मुलं बशी घेऊन नुसतीच उभी राहणार. कुणाच्या श्रद्धेवर चर्चा करत बसण्यापेक्षा अंडं वगळणं सोपं होतं. सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात बिनअंड्याचा केक असाच घराघरांत शिरला. सगळ्यांना एका ताटातलं खाता यावं, एवढीच त्यामागची गरज होती.

तो केक फार साधा असायचा. गल्लीत एखादीकडे अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन असायचा, झाकणाला मधोमध काच असलेला. तो मागून आणायचा, परत देताना त्यात केकचे चार तुकडे ठेवून द्यायचा. ज्यांना ओव्हन मिळत नसे त्या जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं वाळू घालून वर डबा ठेवायच्या. पैसे जरा बरे असतील तर कंडेन्स्ड मिल्कचा डबा यायचा, आणि डब्याचं आतलं अंग चाटायला कुणाचा नंबर यावरून भांडणं व्हायची. वर आयसिंग नाही, नाव नाही, फोटो नाही. फार तर बदामाचे काप आणि तासगावचे बेदाणे. केक तपकिरी असायचा आणि तसाच चांगला दिसायचा.

त्याच्याही मागे जायचं तर माझं आजोळ राजापूरकडचं. पावसाळा संपत आला की तिकडे मोठ्या तवशाचं, म्हणजे काकडीचं, धोंडस व्हायचं. तवसं किसायचं, त्याच्या पाण्यासकट गुळात शिजवायचं, भाजलेला तांदळाचा रवा, खोबरं, वेलची घालायची आणि मिश्रण जाड भांड्यात ओतून खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे ठेवून द्यायचे. दोन्हीकडून आच. कडा करपायच्या बेतात आल्या की आजी निखारे काढून घ्यायची. धोंडस सोड्याशिवायचं, त्यामुळे केकसारखं फुगत नाही, पण सुरीने नीट कापता येतं आणि वरची खरपूस पापडी आधी कोण पळवतो यावर मुलांचा डोळा असतो. निखाऱ्यांवर भाजायची गोड वडी आपल्याकडे ओव्हनच्या आधीपासून आहे. अंडं त्यात कधी नव्हतंच, त्यामुळे अंडं नाही असं सांगायची वेळही आली नाही.

बिनअंड्याचा केक म्हणजे आपल्याच सोवळ्याओवळ्याचं अपत्य, असंही कुणी समजू नये. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं चालत नसे आणि यीस्टही सोसत नसे. कस्टर्ड तर तिला आवडायचं. त्याने १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली, आणि १८४३ मध्ये यीस्टवाचून ब्रेड फुगावा म्हणून बेकिंग पावडर. आज आपण फ्रूट कस्टर्ड करतो किंवा केकमध्ये चमचाभर बेकिंग पावडर घालतो, ते दोन्ही डबे एकाच बाईच्या पथ्यापायी जन्माला आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला एक अंडं, तेही दुकानात आलं असेल तर, अशी पाळी आली. तिथल्या बायकांनी अंड्यावाचून केक केले आणि लग्नंही साजरी केली. अमेरिकेत महामंदीच्या काळात अंडं, दूध आणि लोणी तिन्ही वगळून कोकोचा केक होऊ लागला. दुखणं, युद्ध आणि टंचाई या वाटांनी तिकडच्या गृहिणी जिथे पोचल्या, तिथे आपण शेजारधर्माने पोचलो. इजिप्तचा बसबूसा तर रवा आणि बहुधा दही घालून, अंड्याविनाच होतो आणि वर साखरेचा पाक ओततात. लेबनॉनमध्ये सफूफ नावाचा रव्याचा केक होतो, त्यातही अंडं नसतं, आणि रंगासाठी चक्क हळद असते. सांगलीच्या माणसाला याहून जवळचा केक कुठला सापडणार!

आता अंडं खाणाऱ्यांचा नेहमीचा टोमणा: “एगलेस केक म्हणजे गोड शिरा, ओव्हनमध्ये वाळवलेला.” हा टोमणा पुष्कळदा खरा ठरतो, कारण अंडं काढल्यावर त्याचं काम कोण करणार याचा विचार करणाऱ्याने केलेला नसतो. केकमध्ये अंड्याकडे तीन कामं असतात. फेटल्यावर ते हवा धरून ठेवतं, त्याने केक हलका होतो. भट्टीत त्यातलं प्रथिन गोठतं, त्याने केकला बांधा येतो. आणि पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव ठेवतं, त्याने केक मऊ राहतो. शिवाय पांढरं-पिवळं मिळून अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतं, तो ओलावा वेगळा. एकच जादूची वस्तू घालून ही सगळी कामं होत नाहीत. ती वाटून द्यावी लागतात.

हवा भरायचं काम सोड्याकडे. पण सोडा एकटा नीट काम करत नाही, त्याला आंबट सोबती लागतो. शाळेत आम्ही परीक्षानळीत सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळायचो. फसफसून वर आलेला फेस नळीबाहेर यायचा आणि वर्गात एकच आरडाओरडा व्हायचा. घरी तेच दह्यात पाहायला मिळतं. वाडगाभर आंबटसर दह्यात पाव चमचा सोडा टाका आणि तोंड जवळ न्या. आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग मधला भाग हळूहळू फुगीर होतो, आणि कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. हा सगळा कार्बन डायऑक्साइड तुमच्या केकचा आहे आणि तो वाट पाहत थांबत नाही. म्हणून सोडा घातल्यावर फोन घ्यायचा नाही. भांडं आधी तापलेलं असलं पाहिजे आणि मिश्रण मिनिटाभरात आत गेलं पाहिजे. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि बहुतेक पावडरी भट्टीच्या उष्णतेत पुन्हा एकदा वायू सोडतात, त्यामुळे तिथे थोडी उसंत मिळते.

बांध्याचं काम मैद्यातल्या किंवा रव्यातल्या ग्लुटेनकडे आणि भिजून फुगलेल्या पिष्टाकडे येतं. यातच मेख आहे. अंड्याच्या केकसारखं हे मिश्रण घोटत बसलात तर ग्लुटेन चिवट होतं आणि केक रबरासारखा लागतो. कोरडं आणि ओलं एकत्र झालं की हात थांबवायचा, चार गुठळ्या राहिल्या तरी चालतील. मऊपणाचं काम दही, दूध, तेल यांच्याकडे. चिकटून राहायला हवं असेल तर पिकलेलं केळं कुस्करून घाला, किंवा जवस. एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते आणि एका अंड्याइतकं धरून ठेवते. चटणीपुरतं जवस आपल्याकडे असतंच. मात्र दही, केळं, जवस, व्हिनेगर सगळं एकाच केकात घालणाऱ्या उत्साही मंडळींना हात जोडून विनंती, एकालाच नीट काम करू द्या.

माझा नेहमीचा केक रव्याचा. कुठलीही एक वाटी धरा, साधारण दीडशे मिलिलीटरची. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, पाऊण वाटी दूध, अर्धी वाटी साजूक तूप किंवा वास नसलेलं तेल, चिमूटभर मीठ. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. हा अर्धा तास चुकवायचा नाही, कारण रवा सावकाश पाणी पितो. न भिजलेल्या रव्याचा केक दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकचतो. अर्ध्या तासाने मिश्रण घट्ट झालेलं दिसेल, तेव्हा लागेल तसं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं. मग एका संत्र्याची किसलेली साल, फक्त केशरी, पांढरा भाग कडू लागतो. शेवटी एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा, वरून चमचाभर दूध, आणि अलगद फिरवून तूप लावलेल्या डब्यात. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. नसेल तर जाड कढईत वाळू किंवा जाडं मीठ घालून, वर तिकटणं ठेवून, झाकून दहा मिनिटं कढई तापवायची, मग डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. कुकर मी वापरत नाही. शिट्टी आणि रिंग काढली तरी पाण्याशिवाय तापवल्याने कुकर बिघडतो, आणि कढई असताना त्याची गरजही नाही.

झाला का हे पाहायला विणकामाची सुई मधोमध खुपसायची, ती कोरडी निघाली पाहिजे. त्यानंतरची कसोटी माणसाची आहे. बिनअंड्याचा केक गरम असताना ठिसूळ असतो, त्याचा बांधा गार होताना घट्ट होतो. घरातली मंडळी सुरी घेऊन उभी राहतात, त्यांना तासभर दूर ठेवायचं. केकचा भुगा झाला अशी तक्रार घेऊन ज्या मैत्रिणी येतात, त्यातल्या बहुतेकींनी तो गरम कापलेला असतो.

दुसरा केक कणीक आणि गुळाचा. दीड वाटी कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ. गूळ गरम दुधात टाकायचा नाही, दूध फाटतं. तो कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मग मिश्रणात घ्यायचा. गाळायचा अशासाठी की कोल्हापुरी असला तरी गुळात खडा निघतोच. बेदाणे कणकेत घोळवून घातले की तळाशी बसत नाहीत. हा केक दिसायला काळपट, पण दोन दिवसांनी जास्त चांगला लागतो. आणि तिसरा तो अमेरिकेतल्या टंचाईचा, कोकोचा: दीड कप मैदा, एक कप साखर, तीन टेबलस्पून कोको, एक चहाचा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, सहा टेबलस्पून तेल, एक टेबलस्पून व्हिनेगर आणि एक कप पाणी. दूधही नाही, दहीही नाही. व्हिनेगरचा वास भट्टीत उडून जातो आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही खाता येतो. सोडा मात्र सपाट चमचा घ्या. जास्त झाला तर केक साबणासारखा लागतो, आणि त्यावर कितीही चॉकलेट ओतलं तरी ती चव झाकत नाही.

काही केक अंड्याविना होत नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पांढरं फेटून त्याच्या फेसावर उभा राहणारा हलका स्पंज, शिफॉन, एंजल केक यांचा प्राणच अंड्यात आहे. फ्रान्समध्ये २०१४ च्या सुमारास जोएल रोसेल या गृहस्थाने शिजवलेल्या डाळी-कडधान्यांच्या पाण्याचा फेस करून दाखवला आणि काबुली चण्याच्या पाण्यापासून मेरांग होऊ लागले. तो प्रयोग मजेचा आहे, पण रोजच्या स्वयंपाकघरासाठी नाही. ज्याला स्पंज खायचा आहे आणि अंडं चालतं, त्याने अंड्याचाच खावा. बिनअंड्याच्या केकला स्पंजची नक्कल करायला लावली की त्याचा नकली माल होतो. दुकानदारी नेमकी इथे सुरू होते.

गिऱ्हाइकाला हवा असतो फोटोतल्यासारखा, उंच, पांढरा, कापसासारखा केक, आणि तोही एगलेस. बऱ्याच ठिकाणी तो प्रीमिक्सच्या पोत्यातून निघतो. पोत्यात मैदा, साखर, स्टार्च, फुगवणारी पावडर आणि तेल-पाणी एकत्र धरणारी इमल्सिफायर असतात. तेल आणि पाणी घातलं की दर वेळी तोच केक. मधे-वर लावलेलं क्रीम पुष्कळदा सायीचं नसतं. पाणी, साखर, हायड्रोजनेटेड पाम-कर्नेल तेल आणि स्टॅबिलायझर यांचं ते फेटलेलं मिश्रण असतं. म्हणूनच ते टेबलावर तासन्‌तास उभं राहतं. खरी साय फेटून ठेवा, सांगलीच्या एप्रिलमध्ये ती किती वेळ तग धरते पाहा. वरचं चॉकलेट कंपाउंड असतं, म्हणजे कोको बटरच्या जागी वनस्पतीजन्य चरबी. विज्ञानाची शिक्षिका म्हणून हेही सांगते की यातलं काही विष नाही, सगळं कायद्यात बसतं. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ते चांगलंच झालं. पण संतृप्त चरबी आणि साखर शिल्लक राहतेच, आणि ‘एगलेस’च्या पाटीमागे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यातून अनेक दुकानांत एगलेसचे वर पैसे घेतात. कंडेन्स्ड मिल्क घालून केला असेल तर मी ते आनंदाने देईन. प्रीमिक्सच्या केकला ते कशासाठी द्यायचे?

पाकिटावरचा हिरवा ठिपकाही एवढंच सांगतो की आत मांस-मासे-अंडं नाही. अंडं असेल तर आपल्या नियमांत तो पदार्थ मांसाहारी धरला जातो. पण काउंटरवर सजवून मिळणाऱ्या सुट्या केकला ठिपका नसतो, दुकानदाराचा शब्द असतो. केक एगलेस असेल, पण वर टोचलेल्या मार्शमॅलोत किंवा चकचकीत जेलीत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. जे कटाक्षाने पाळतात त्यांनी हे विचारायला हवं. आणि ज्यांच्या मुलाला अंड्याची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी तर हा प्रश्न श्रद्धेचाही नाही, दवाखान्याचा आहे. एकाच बीटरने, एकाच टिनात दोन्ही प्रकारचे केक होत असतील तर पाटीचा उपयोग काय? अशा मुलासाठी घरचा केक हाच खात्रीचा.

घरून केक करून विकणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकींनी हा धंदा सुरू केला आणि त्यातल्या काहींचं घर त्यावर चालतं. त्यांच्याशी बोलताना एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: “काकू, रव्याचा केक मागतंय कोण? सगळ्यांना दोन मजली, वर कार्टून पाहिजे.” दोष मागणाऱ्यांचा आहे. आपण तूप-दह्याचा, वर काही न फासलेला केक मागायला लागलो, त्याचे योग्य पैसे द्यायला लागलो, तर त्या करून देतील. त्यांचा वेळ वाचेल आणि पोतंही घरी येणार नाही.

याच्या उलट बाजूचाही एक भ्रम आहे. घरचा, गुळाचा, कणकेचा आणि बिनअंड्याचा म्हणून केक पौष्टिक होत नाही. माझ्या रव्याच्या केकात एक वाटी साखर म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम. दहा तुकडे केले तर तुकड्यामागे बारा-तेरा ग्रॅम, म्हणजे अडीच-तीन चमचे. गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला ‘गुळाचा आहे, घ्या हो’ असा आग्रह करू नये. केक हा गोडाचा पदार्थ आहे, तो गोडाच्या पदार्थासारखाच, एक तुकडा खावा.

आणि बिनअंड्याच्या केकची बाजू घेते म्हणून कुणी मला अंड्याच्या विरोधात उभी करू नये. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी बंद झाला. शाळेत उपाशीपोटी येणारी मुलं मी पाहिली आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असतं, आणि त्या मुलांच्या ताटातून ते काढणं चूकच आहे. केकमधलं अंडं चैनीचं, ते वगळून शेजारचं पोर आपल्यात बसणार असेल तर खुशाल वगळावं. ताटातलं अंडं गरजेचं, ते ज्याला हवं त्याला मिळालंच पाहिजे. केकमधलं अंडं आपण आपल्या मनाने वगळतो. ताटातलं काढणं मात्र दुसऱ्यावर लादलं जातं.

तेव्हा या रविवारी घरात असेल त्या रव्यावर आणि असेल त्या दह्यावर सुरुवात करा. नवं काही विकत आणू नका. घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला सोडा घालायला सांगा, आम्ल-आम्लारीचा धडा त्याला पुन्हा वाचावा लागणार नाही. रवा अर्धा तास भिजवा, भांडं जाड बुडाचं घ्या, आच मंद ठेवा, सोडा सपाट चमच्याने मोजा. आणि पहिला केक बसका झाला तर त्यावर क्रीम फासून झाकू नका, दुधाबरोबर खाऊन टाका आणि पुढच्या रविवारी पुन्हा करा.